विहिरीपाशी अडलेली गोष्ट

५ जानेवारी, रविवार. रात्री.
संकल्प. प्रबंध मार्चअखेर पूर्ण. विषय : मोठ्या प्रमाणावरील वाचनचाचण्यांमागचे सिद्धांत. दर रविवारी अमरावती–अकोला. बायको रूपाली आणि लेक दामिनी गेलं वर्षभर अकोल्याला, माझ्या सासऱ्यांकडे. व्यवस्था तात्पुरती. प्रबंध झाला की दोघी परत येतील. रूपालीला हे अजून सांगितलेलं नाही.

आज दामिनीची चाचणी घेतली. तिसरीत आहे. वाचन-सर्वेक्षणातलंच कार्ड : अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गोष्टीत शेळी विहिरीपाशी येते. तिथं दामिनी अडली. मी गप्प. परीक्षकानं मदत करायची नसते. शाबासही म्हणायचं नसतं. तिनं विचारलं, गोष्ट पूर्ण वाचली की काय होते? म्हटलं, चाचणी संपली. मग बाबांना यायला नको, असंही सांगितलं. तेवढंच प्रोत्साहन.

१२ जानेवारी.
पुन्हा विहिरीपाशीच. उत्तम केस. एक मत असं की वाचन हे मुलाच्या डोक्यातलं कौशल्य, कुठंही मोजा, तेवढंच भरतं. दुसरं मत असं की ते माणसामाणसांत घडतं, समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. मी पहिल्या मताचा. दुसरं जरा भावुक आहे.
दामिनी म्हणाली, बाबा, बागेत जाऊ. पण निरीक्षणं ताजी असताना लिहिलेली बरी.

१९ जानेवारी.
प्रगती शून्य. किसनराव, म्हणजे सासरे, ओट्यावरून म्हणाले, जवाईबापू, पोरीले भेटाले आले का जनगणना कराले? हसलो. रूपाली म्हणाली, माह्या मोबाइलातले मेसेज ती धडाधडा वाचते, तुमच्यासमोरच काहून अडते, याचा विचार करा ना कधी. मेसेज हे प्रमाणित साधन नव्हे. समजावून सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली.

२६ जानेवारी.
झेंडावंदन. मग प्रकरण तीन. अकोला रद्द. पुढच्या वेळी दोन तास जास्त थांबायचं.

२ फेब्रुवारी.
परतवाड्याला चर्चासत्र. माझा पेपर : 'मूल का अडखळते?' टाळ्या बऱ्या पडल्या. संध्याकाळी फोन केला. रूपाली म्हणाली, दामिनी सकाळपासून आंघोळ करून, कार्ड घेऊन ओट्यावर बसली होती. म्हणजे सराव चालू आहे. चांगलं लक्षण.

९ फेब्रुवारी.
सर्दी. शिवाय संदर्भसूची.

१६ फेब्रुवारी.
गेलो. दामिनीनं कार्ड स्वतःच काढलं. उभ्या उभ्या वाचलं. शेळी विहिरीपाशी आली, पाणी प्याली, घरी गेली. एकही चूक नाही. कार्ड माझ्या हातात दिलं. म्हणाली, झालं बाबा. आता तुमाले यायचं काम नाही. खेळायला गेली.
शाबास म्हणालो नाही. नियम आहे.
रूपालीला म्हटलं, पाहिलंस, पद्धत यशस्वी झाली.  ती म्हणाली, तुमी पुढच्या रविवारी यावं म्हणून अडत होती ती. आता नाही अडत.

२३ फेब्रुवारी, रविवार.
सवयीनं स्टँडवर गेलो. अकोल्याची गाडी लागली होती. कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, बसा ना सर, तुमी तर दर रविवारचे.
म्हटलं, चाचणी संपली.
गाडी सुटेपर्यंत तिथंच उभा होतो.