कोरड्या नदीवरच्या गौरी

२९ ऑगस्ट, सॅन होजे
परवा गौरी. त्यासाठी सासूबाईंनी परतीचं तिकीट पुढे ढकललंय. ‘यंदा तुझ्या हाती सोपवते, मग मी मोकळी.’ गुडघे असे. पुन्हा एवढा प्रवास व्हायचा नाही, हे सगळ्यांना माहीत. आमच्या खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून सात खडे मुक्यानं आणायचे. मार्चमध्ये नवरोबांनी व्हिडिओ कॉलवर त्यांना घरामागची नदी दाखवून फुशारकी मारली होती. आज जाऊन पाहिलं. थेंब नाही! इथे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळ्यात नदी आटते, हे बारा वर्षं राहून माणसाला सुचू नये?

३० ऑग.
आईंना सांगितलं. नवरोबांनी गार्डन स्टोअरमधून खड्यांची पिशवी आणली! आईंनी हात लावला नाही. ‘विकतची गौर? त्यापेक्षा नको.’ नीट जेवल्याही नाहीत. मला रडू आलं. आजवर माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

३१ ऑग.
सकाळी आपणहून म्हणाल्या, ‘चल, बघू तरी.’ माझ्या लेकीचा, ईशाचा हात धरून पात्रात उतरल्या. ईशा: ‘आजी, इट्स जस्ट रॉक्स!’ आई बसल्या (त्या गुडघ्यांनी!), दगड सरकवला, वाळू उकरली. कोपरभर खाली ओल, मग ओंजळभर पाणी. ‘मे महिन्यात आम्ही असंच भरायचो गं. आहे की इथे.’ सात खडे त्यात धुऊन तबकात ठेवले. घरापर्यंत सगळे मुके. ईशासुद्धा! देवा, तुझे उपकार.

२ सप्टें.
काल घावन-घाटलं झकास. आज विसर्जन, पण कुठे? आई म्हणाल्या, ‘वाहत्या पाण्याशिवाय पाठवायच्या नाहीत. माहेरपण लांबलं म्हणायचं. नदी आली की सोड.’
‘आणि तुम्ही?’
‘मी कशाला? आता तुझ्या आहेत त्या.’
इतका विश्वास! वाकून नमस्कार केला.

१४ नोव्हें.
आई रत्नागिरीला पोचून दोन महिने झाले. रोज फोन : ‘आली का गं नदी?’ कालचा पाऊस सगळा वाळू प्यायली. ‘नाही आली’ म्हणताना मला बरंच वाटतं. हे कुणाला सांगणार. रोज खड्यांना फूल वाहते आणि आईंशी बोलते.

२१ डिसें.
ईशा ओरडत आली, ‘आई, इट्स हिअर!’ गढूळ, घोट्याएवढी, वाळकी पानं ढकलत आलेली. तबक घेऊन काठाशी गेले. वाहतंय की नुसतं साचलंय? बराच वेळ बघत राहिले. खडे घेऊन परत आले. उद्या जरा पाणी वाढेल.
फोन वाजतोय. आईंचाच.