कावळकड्याची शिडी

भोईवाडा, परळ
९ नोव्हेंबर

प्रिय गुणाजीकाका,

तुम्ही लालबागची खोली सोडून गावी गेलात, तेव्हापासून दर आठवड्याला फोन करणारी मी ऑगस्टपासून गप्प आहे. तुमचा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा तो वाजायचा थांबेपर्यंत मी नुसती बघत बसले. तोंडाने सांगणं जमणार नाही म्हणून लिहिते आहे. दुर्गाकाकूंना वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

कावळकड्याची शिडी आता नाही. गेल्या रविवारी आम्हीच काढली. वनखात्याची दोन माणसं, आपल्या ग्रुपचा उन्मेष आणि मी. तुम्ही कातळात बसवलेले बोल्ट पान्याला दाद देईनात, शेवटी ग्राइंडरने कापावे लागले. उन्मेष म्हणाला, "काकांचं काम आहे, सहजी सुटेल होय?" आणि त्यालाच रडू फुटलं. अकरा वर्षांत एकही बोल्ट हलला नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण पेपरात 'निकृष्ट शिडी' असं छापून आलंय आणि कुणी ना कुणी ते तुमच्यापर्यंत पोचवेलच.

पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली होती. त्या दिवशी अभयारण्यात शेकड्यांनी माणसं आली. एका वेळी दोघांनीच चढावं, ही आपली पाटी कुणी वाचली नाही. वरचे उतरायला लागले, खालचे चढतच होते, काहीजण मध्येच थांबून व्हिडिओ काढत होते. त्या रेटारेटीत माटुंग्याच्या कॉलेजातली एक मुलगी रेलिंगवरून बाहेर फेकली गेली. वीस वर्षांची होती. रेलिंग जागचं हललं नाही, काका. शिडी नसती तर ती मुलगी, ती गर्दी, कुणीच तिथवर पोचलं नसतं. हे मनात आलं की मला काही सुचत नाही.

तुमचा राहुल कावळकड्यावरून पडून गेल्यावर महिन्याभराने तुम्ही दादरला आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या बैठकीत आलात, तो दिवस आठवतो. हातात कॅलेंडरचं पान, त्याच्या पाठीवर शिडीचं चित्र. गिरणीत फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, जो कधी डोंगर चढला नव्हता. "माझो झील गेलो, आता दुसऱ्या कोणाचो जावक नको," एवढंच बोललात. परवानगीसाठी वर्षभर आपण वनखात्याचे उंबरे झिजवले. भोईवाड्यातल्या वर्कशॉपात तुम्ही स्वतः वेल्डिंग केलंत, मग शिडीचे तुकडे खांद्यावर घेऊन आपण चौदाजण तो चढ चढलो. त्यानंतर प्रत्येक दिवाळीच्या आधी रेड ऑक्साइडचा डबा घेऊन तुम्ही हजर. "लोखंडाक वर्साक एकदा तरी हात लावूक व्हयो," म्हणायचात. गुडघे गेले तरी तुम्ही आलात. तुम्ही गावी गेल्यावर मागच्या वर्षी रंग मी एकटीने दिला.

शिडी काढायचं ठरलं त्या बैठकीला त्या मुलीचे वडील आले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "माझ्या मुलीच्या मरणाला जबाबदार कोण, तेवढं सांगा." अधिकारी कागद चाळत राहिले. आम्ही सगळे खाली बघत होतो. ते उठले, सगळ्यांना नमस्कार करून गेले.

तुम्ही मला हा प्रश्न कधीच विचारला नाहीत. राहुल पडला त्या ट्रेकची लीडर मी होते, तरी नाही. राहुलचा पाय अचानक घसरला, काही करायला वेळच मिळाला नाही, हे मी पोलिसांना सांगितलं, ग्रुपला सांगितलं, तुमच्या दारात उभी राहून तुम्हाला सांगितलं. काका, ते खरं नाही. उतरताना कातळ ओला होता. राहुल थांबला होता. "लतिका, दोर लावूया का?" असं त्याने विचारलं होतं. शेवटची एसटी चुकेल म्हणून मला घाई होती. "एवढ्याशा टप्प्याला दोर कशाला?" मी म्हणाले. तो हसला आणि उतरायला लागला. दोर माझ्याच सॅकमध्ये होता. शिडी उभी होती तोवर वाटायचं, की दर वर्षी तिला रंग दिला म्हणजे थोडं फिटलं. काहीच फिटलं नव्हतं. दर गणपतीत काकूंनी मला राहुलच्या पाटावर बसवून जेवू घातलं आणि मी जेवले. यंदा मी आले नाही, ते यामुळे. माफी कुठल्या तोंडाने मागू? त्या मुलीच्या वडिलांना रिकाम्या हातांनी जाताना पाहिलं, आणि वाटलं, निदान तुम्हाला तरी उत्तर मिळायला हवं. राहुलच्या मरणाला मी जबाबदार आहे.

'तुमचीच' लिहायला हात धजत नाही,
लतिका