टाकीतला भात

४ नोव्हेंबर

पुन्हा! काल संध्याकाळी माशांची टाकी घासून लख्ख केली आणि आज काचेवर पुन्हा गोगलगायी. मोहरीएवढ्या, जिकडे बघावं तिकडे. मासे ह्यांचे, हौस ह्यांची, आणि कोपरापर्यंत हात घालून निस्तरायचं मी! रईसभाऊंच्या दुकानातून ह्यांनी टाकीसाठी हिरवं रोपटं आणलं, त्याच्यासोबत ही पलटण फुकटात आली.

६ नोव्हेंबर

रईसभाऊंशी भांडून आले. हसतात वर! "भाभी, रोपट्यातून दोन-चार आल्या असतील. बाकीच्या तुमच्याच घरी खाऊन वाढल्या. उरलेल्या खाण्यावरच जगतात त्या. खाणं कमी टाका, अन् रात्री काकडीची चकती सोडून पाहा."

७ नोव्हेंबर

चकतीवर नुसती जत्रा! उचलून मिठाच्या पाण्यात टाकल्या. बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर

माशांना चिमूटभरच टाकते. डबा वरच्या फळीवर ठेवलाय. तरी वाढतातच! पाणी गढूळ, वास वेगळाच.

ह्यांना काय त्याचं! मी आत चुलीशी, हे ताट घेऊन टाकीजवळ स्टुलावर. "मासे पाहून जेवण चांगलं जाते." बायको पाहून जात नाही वाटतं! आज म्हणे, "भाजी तिखट झाली वो, तोंड भाजून राह्यलं. पोळी नको, मऊ भात दे." जन्मभर ठेचा खाल्लेला वडशाचा माणूस!

दर हिवाळ्यात नाटकात खलनायक गाजवतात. यंदा म्हणे पडदा ओढणार. काऊन, विचारलं, तर "दुसऱ्यालेही भेटू दे ना चान्स." कसला चान्स! आळस नुसता. एवढंच बरं की तो तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला. महिना झाला, खिशात खर्र्याची पन्नी सापडली नाही.

१७ नोव्हेंबर

सापडलं! तळाचे खडे उपसले तर खाली भाताची शितं. फुगलेली, कुजलेली, वर गोगलगायींचा थर.

सासूबाई! दुसरं कोण? कावळ्याला घास, कुत्र्याला घास, आता माशांनाही. मी बोलले. जास्तच बोलले.

"मी काऊन टाकू वो भात? गुलाबची शप्पत!"

लेकाची शपथ घेतली तरी मी थांबले नाही. आणि तो लेक, शेजारी ताट घेऊन बसलेला, मान वर करत नाही! आई रडते आणि हा माणूस गप्प! मला ह्यांचाच जास्त राग आला.

१८ नोव्हेंबर

सासूबाई सकाळच्या गाडीने ब्रह्मपुरीला लेकीकडे गेल्या. जाऊ दे.

२१ नोव्हेंबर

खडे उकळले, रोपटं फेकून दिलं, टाकी नव्याने भरली. पाणी एकदम नितळ. आता कशा वाढतात बघतेच!

२५ नोव्हेंबर

तळाशी शितं. पांढरी, ताजी.

घरात आम्ही दोघंच आहोत.

रोज ह्यांचं ताट चाटूनपुसून साफ येतं. मी खूश — माणूस पोटभर जेवतो! मग पट्ट्याला नवं भोक का पाडावं लागलं? विचारलं होतं मी. "राइस मिलमध्ये पोती उचलाले लय आहेत सध्या." मी मान डोलावली. बिनडोक बाई!

२६ नोव्हेंबर

आज ताट वाढलं आणि आत गेलेच नाही. समोर बसले. म्हटलं, जेवा.

हे शितं बोटाने ओठांतून आत सारत होते. डोळ्यांतून पाणी. दोन घासांत ताट सरकवलं. "नाई जात वो. तुले कसं सांगू?"

आ करा म्हटलं. माझं एक बोट जेमतेम गेलं.

मी ओरडले. किती ओरडले! आणि आईला रडवताना तोंड शिवलं होतं का, असंही म्हणून गेले. मग जीभ चावली. कोपऱ्यावरच्या त्या खर्रा विकणाऱ्या पानठेल्याला आग लावावीशी वाटते.

सासूबाईंना फोन करून माफी मागितली. उद्या नागपूरला मोठ्या दवाखान्यात.

खर्रा ह्यांनी सोडला नव्हता. तोही तोंडात जाईनासा झाला होता.