दोन पळ्या मुलुखिया

तांता, शनिवार

प्रिय रिफअत,

तुझे बाबा बरे आहेत, हे आधी वाच.

हृदयात नवी झडप बसवल्यावर त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. महिन्याभरात तिचं माप बसलं, आणि मग तू कुवेतहून फोनवर बजावलंस, "आई, पालेभाजी बंद. त्यातल्या के जीवनसत्त्वाने रक्त गोठतं." मी मुलुखियाच्या पातळ पालेभाजीचं पातेलं शेजारी देऊन टाकलं. बाबा म्हणाले, "झडप बदलली गं, जीभ जुनीच आहे." मी ऐकलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ते थांबेचना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून मलाच विचारलं, "मावशी, पाला बंद करायला कुणी सांगितलं? गोळीचं माप त्यांच्या नेहमीच्या जेवणावर बसवलं होतं. पाला थांबला आणि गोळी भारी पडली. दर आठवड्याला पूर्वीइतकाच द्या."

कुणी सांगितलं, ते मी बोलले नाही.

चाळीस वर्षं मी ही पानं बारीक चिरतेय. माणसाचं रक्त धरून ठेवणारं काही माझ्या सुरीखाली असतं, हे मला कुठं ठाऊक होतं.

काल बाबांना मोजून दोन पळ्या वाढली. लसणाची फोडणी ओतताना बाईने दचकल्यासारखा श्वास आत ओढायचा, नाहीतर चव येत नाही. आजवर मी ते नाटक करायचे. काल श्वास खरंच अडकला. बाबा बाहेरून म्हणाले, "आज जमली."

हे पत्र पिठाच्या डब्यात ठेवतेय. फोनवर तुला इतकंच सांगेन, की बाबा पोटभर जेवले.

तुझी आई,
नगिया