मेणातले दात

३ मे १९७३
मालूच्या हिरड्या भरून आल्या, असं डॉक्टर म्हणाले. पायरियाने हिचे सगळे दात नेले, वय चव्वेचाळीस. आज कवळीसाठी माप दिलं. रिक्षात पदर तोंडाशी. चार महिने हेच. जेवतेही माझ्याकडे पाठ करून. शाळा उघडायला सात आठवडे. म्हणते, "पोट्टे हसले ना माह्यावर, तर त्याच दिवशी राजीनामा." वीस वर्षं चौथीचा वर्ग हिच्या नुसत्या बघण्याने गप्प बसतो, आणि ही घाबरते पोट्ट्यांना.

११ मे
कवळी करणारे गुलाबराव दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसतात. आधीचे दात कसे होते ते पाहायला फोटो मागितला. घरातले सगळे काढले. लग्नातला, बारशातला, शाळेतला. प्रत्येकात तोंड मिटलेलं. आपल्याकडे बाई फोटोत हसली तर फोटोग्राफरच दचकत असावा.
"मंग तुमीच सांगा नं साहेब, कसे होते?"
दर आठवड्याला वर्तमानपत्रातल्या सदरात गावच्या पुढाऱ्यांची नाका-डोळ्यांसकट टर उडवणारा मी, बायकोचे दात आठवत स्वतःचेच चाचपत बसलो. एक दात जरा कललेला होता. कोणता, ते आठवेना. मालूला सांगितलं नाही.

१९ मे
आज मेणात रोवलेले दात घालून पाहायचे होते. दवाखान्यात गर्दी, मालू आलीच नाही. मी हमी देऊन दातांची डबी घेऊन घरी निघालो. गुलाबराव दोनदा म्हणाले, ऊन लागू देऊ नका. वाटेत एका वाचकाने थांबवून सदराची तारीफ सुरू केली. मी आणखी दोन वाक्यांची वाट पाहत उभा. डबी सायकलच्या हँडलला, भर दुपारी. घरी उघडली तर पुढचे दात लग्नाच्या पंगतीसारखे, जो तो शेजाऱ्याच्या अंगावर.
डबी माठाच्या पाण्यात धरली. मालूने दात अलगद घातले, आरशापुढे गेली. ओठ वर उचलून पाहिला. मग, "अहो, हा पाहा. असाच होता माहा." वरचा, उजवीकडचा. पदर खाली. चार महिन्यांत पहिल्यांदा.
"तुमाले आठवत होता?"
हो म्हणालो.

२० मे
गुलाबराव: "काहून गा भाऊ, उन्हात नेले?" साहेबाचा एका दिवसात 'गा भाऊ' झाला. योग्यच.
बाकीचे सरळ करा, तो एक राहू द्या, असं मालूने सांगितलं.
"बाई, लोक मले नावं ठेवतीन. वाकडा दात बसवला म्हणतीन."
"माहे दात, माही मर्जी." परक्या माणसासमोर, उघड्या तोंडाने. गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

४ जून
पक्की कवळी परवा आली. उजवीकडे टोचते. स म्हटला की शिट्टी वाजते. आज काढून वाटीत ठेवली. पदर परत वर.

१६ जून
गुलाबरावांनी तिसऱ्यांदा घासून दिली. जेवताना मालू समोर बसली. वरणभात, हळूहळू. मधेच खालची निसटून ताटात. मग तीच आधी हसली.
मी सांगून टाकलं, तो दात मला आठवत नव्हता.
"ठाऊक आहे. खोटं बोलायचं असलं की तुमी लगेच बोलता."
तिने आणखी भात वाढून घेतला.

२४ जून
उद्या शाळा. संध्याकाळी मालू स्वयंपाकघरात एकटीच हजेरी घेत होती. "सदाशिव... सुमन... शशिकला..." शिट्टी दोनदा वाजली, तिसऱ्यांदा नाही. मग थांबली.
मी ओसरीवरून म्हणालो, "हजर, बाई."
"तुमी गप बसा. वर्गात आहात का?"
खाली मान घालून बसलो. थोड्या वेळाने आतून पुन्हा पहिलं नाव आलं. जरा मोठ्याने.
शाळेची पिशवी अजून खुंटीलाच आहे. उद्या जाणार का, विचारलं नाही.