एकदमच काहून वाढते?

बाबा, आज वर्गात शिकवताना मी तुमचं एक वाक्य फळ्यावर लिहिलं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. ते कुणाचं, हे मात्र मी सांगितलं नाही.

पीएच.डी. करत असताना एका सुट्टीत मी बालाघाटला आले होते. तुम्ही सरकारी दवाखान्यातली ड्रेसिंगं आटोपून, हातांना स्पिरिटचा वास तसाच घेऊन जेवायला बसलेले. मी तोंड पाडून सांगत होते. जखमेत भरायचं एक मऊ, पाण्यानं फुगलेलं जेल असतं, त्यात पेशींना 'वाढ' म्हणून सांगणारं प्रथिन घालतात, त्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात. पण माझं जेल ते सगळं पहिल्याच दिवशी सोडून देतं आणि पुढे जखम तशीच राहते. तुम्ही त्यातलं 'वाढ' तेवढं ऐकलंत. "मंग एकदमच काहून वाढते? पंगतीत पहिल्याच फेरीत सारा भात वाढला, त मागून काय वाढशीन? पाणी?" आई खळखळून हसली आणि मी चिडले. पेशींची वाढ कुठे, भात वाढणं कुठे! किरनापूरच्या लग्नांत वाढपी म्हणून मिरवणारा माणूस मला विज्ञान शिकवतोय, असं वाटलं. पण परतीच्या प्रवासात ते डोक्यातून जाईना. मग ते प्रथिन नुसतं मिसळण्याऐवजी मी जेलच्या जाळीला बांधून पाहिलं. जाळी विरघळेल तसतसं ते थोडं थोडं सुटू लागलं, आणि उंदरांच्या जखमा भरायला लागल्या. एसटीडी बूथवरून ओरडून तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "हौ, आता बरोबर वाढून राह्यलं." इतका आनंद मला पुढे पदवी घेतानाही झाला नाही.

पुढच्या वर्षी तुमच्याच पायाच्या अंगठ्याला जखम झाली. जन्मभर लोकांच्या जखमा बांधल्यात आणि स्वतःच्या साखरेकडे ढुंकून पाहिलं नाहीत, त्याचा मला अजून राग येतो. डॉक्टर अंगठा काढायला सांगत होते. तुम्ही फोनवर विचारलंत, "बाई, तुह्यं ते जेल मले लागन का? तू म्हणशीन त थांबतो." मी म्हणाले, "थांबा बाबा, थोडे दिवस." तुम्ही थांबलात. दवाखान्यात सगळ्यांना सांगत होतात म्हणे, "पोरगी औषध घेऊन येऊन राह्यली." मी पोचले तोवर गुडघ्यापासून पाय गेला होता, आणि आठवडाभरात तुम्हीही.

आई आजही म्हणते, हट्टी माणूस, कुणाचं ऐकलं नाही. मी ते खोडून काढत नाही. हा कागदही तिच्या हाती लागू नये म्हणून घरी नेणार नाहीये.

जेल तेव्हा उंदरांच्या पुढे गेलंच नव्हतं, बाबा. माणसाला लावायला कितीतरी वर्षं लागतील, हे 'थांबा' म्हणताना मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागत होतात, आणि माझ्याने 'नाही' म्हणवलं नाही.