पुढून वाट नाही

ता. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांची लाकडाची वखार तू तुझ्या मेहुण्याला विकल्याचं आईकडून कळलं. मृत्युपत्रात व्यवस्थापक तू, कोर्टाची मंजुरीही आहे, सगळं रीतसर. पण त्या भावात आज अर्धी वखारसुद्धा येत नाही, आणि आईला म्हातारपण त्याच पैशांवर काढायचंय!

परवा मी स्वतः जाऊन आले. रस्त्याकडच्या फाटकापुढे ओंडक्यांची रास! आग लागली तर बंब आत शिरायला हवा म्हणून बाबा तिथे काडी ठेवू देत नसत. भाव पाडायला किंमत ठरवणाऱ्या साहेबांना तू मागच्या चिखलातून नेलंस ना? मी कोर्टात हरकत घेणार आहे. वहिनीला नमस्कार.

लोभ ठेव, नाहीतर राग तरी ठेव.
तुझी मिरची

ता. १२ मार्च

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी नाव ठेवलं ते उगाच नाही. पुढून वाट नाही, असं मी शपथेवर सांगितलंय आणि कोर्टाने ते मानलंय. लाकडं कुठे रचायची हे आता तू मला शिकवणार? वकिलाची धन करशील आणि तोंडघशी पडशील. आईचे कान भरू नकोस.

तब्येतीला जप.
दादा

ता. २० नोव्हेंबर

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

विक्री रद्द झाली, फेरलिलावात वखार तू घेतलीस, मेहुणा माझं तोंड बघत नाही. झालं ना मनासारखं? मग फाटकाला कुलूप कशाला? माझा फर्निचरचा कारखाना वखारीच्या मागे, मालाचे ट्रक वर्षानुवर्षं त्याच फाटकातून जातात. केस होती तोवर मागून ट्रक नेत कळ काढली. काल मागच्या वाटेवर भरलेला ट्रक रुतला तो अजून निघाला नाही. गिऱ्हाइकं तुटताहेत गं. झालं गेलं विसर.

दादा

ता. २७ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईला तिचा वाटा पुरा मिळाला. माझ्या डोक्यावर कर्ज झालंय, पण झोप छान लागते. खोटं कशाला बोलू, ट्रक रुतल्याचा मजकूर मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा बरं वाटलं.

फाटकाची किल्ली मी आईकडे दिली आहे. दादाला काय कळवू, असं ती विचारत होती. मी म्हटलं, त्याने शपथेवर सांगितलंय तेच कळव, पुढून वाट नाही.

लोभ आहेच. आईला भेटायला ये, मागून.
तुझी मिरची